ॲक्सोलॉटलची पिल्लं आली, टाकी तयार नाही: तात्पुरता टब कसा लावायचा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, पुण्यात ऊन तापायला लागलं होतं त्या दिवसांत, आमच्या घरी साडेतीन सेंटिमीटरची पाच पिल्लं आली. ॲक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, बाहेर पिसाऱ्यासारखे कल्ले असलेला एक उभयचर. मुलाला माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममुळे त्याचं वेड लागलेलं, आणि त्याच्या बाबांना मुलापेक्षा जास्त. मोठी काचेची टाकी घेऊन ठेवली होती, पण तिच्यात पाणी भरून जेमतेम चार दिवस झाले होते. विकणारा म्हणाला, "काही होत नाही ताई, सोडा सरळ." सरळ सोडली नाहीत, एवढंच शहाणपण आमच्याकडून घडलं. पुढच्या आठवड्यात बाकीच्या बहुतेक चुका झाल्या. पाचातलं एक पिल्लू आठव्या दिवशी गेलं. त्या दिवशी टबातलं पाणी २७ अंशांवर होतं आणि थर्मामीटर आमच्याकडे नव्हता. तो आम्ही संध्याकाळी जाऊन आणला.

उरलेली चार दोन महिने प्लास्टिकच्या टबांत वाढली. त्या दोन महिन्यांत जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमची पिल्लं अजून यायची असतील तर पहिल्या चार पायऱ्या आधी उरका. आलीच असतील तर तिसरी आणि चौथी आत्ता वाचा, कागदपत्रं उद्या बघू.

टबाची गरज का पडते, ते थोडक्यात. नव्या टाकीतल्या पाण्यात या प्राण्यांची शी आणि उरलेलं अन्न कुजून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते आठ आठवडे लागतात. मासेवाले याला टाकी 'सायकल' होणं म्हणतात. सायकल न झालेल्या टाकीत पिल्लं सोडली तर ती अमोनियात पोहत राहतात आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. टबात जिवाणूंची वाट बघायची नसते. रोज सगळं पाणी बदलायचं, म्हणजे फिल्टरचं काम तुम्ही स्वतः करायचं. हे रोज जमणार नसेल तर पिल्लं महिनाभर उशिरा आणा, विकणाऱ्याला थांबवा.

१. कागदपत्रं

हे कोणी सांगत नाही म्हणून आधी घेतलं. ॲक्सोलॉटल, शास्त्रीय नाव अँबिस्टोमा मेक्सिकॅनम, हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या साइट्स करारातल्या दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइट्स यादीतले प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या वेबसाइटवर, नोंदवावा लागतो. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पुढे प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी तेही कळवायचं असतं.

हाताशी ठेवायचं ते असं: तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, प्राण्याचं शास्त्रीय नाव, संख्या, प्रत्येकाचा स्पष्ट फोटो, आणि कोणाकडून घेतलं त्याची लेखी पावती. ही पावती मिळवणंच सगळ्यात अवघड. पैसे देण्याआधी मागा. नंतर फोन उचलले जात नाहीत.

२. सामान

दुकानात गेलात की रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा वगैरे दाखवतील. त्यातलं काही घेऊ नका. लागतं ते एवढंच:

– दर पिल्लामागे पाच-सहा लिटरचा एक पांढरा किंवा पारदर्शक टब. धान्य ठेवायचे अन्नयोग्य प्लास्टिकचे डबे उत्तम. झाकणाला भोकं पाडून घ्या, कारण ही मंडळी उडी मारतात. नव्या डब्याला वास येत असेल तर दोन दिवस पाणी भरून ठेवा. साबण लावू नका.
– हे टब ज्यात बसतील असा एक मोठा पसरट टब. आमच्याकडे जुना कपडे भिजवायचा टब होता, पण साबणाच्या भीतीने नवाच घेतला.
– झाकण असलेल्या दोन २०-२५ लिटरच्या बादल्या, फक्त याच कामासाठी.
– दोन थर्मामीटर. एक बिघडला तर कळावं म्हणून दोन.
– अँटीक्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध.
– अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) तपासायचं थेंबांचं किट. पट्ट्यांचं नको, अंदाज चुकतो.
– मेडिकलमध्ये मिळते ती ५० मिलिलिटरची सिरिंज, सुईशिवाय. शी आणि उरलेलं अन्न ओढून घ्यायला याहून सोयीचं काही नाही.
– बोथट टोकाचा प्लास्टिकचा चिमटा.
– पिल्लू उचलायला एक रुंद वाटी. जाळी नको, तिच्यात कल्ले आणि बोटं अडकतात. हातानेही धरू नका. यांची हाडं अजून कूर्चेसारखी मऊ असतात आणि कातडी नाजूक.

तळाला काही घालायचं नाही. वाळू नाही, खडे तर नाहीतच. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाणी आत ओढतो आणि त्याबरोबर जे येईल ते गिळतो. गिळलेला खडा आतड्यात अडकला की पिल्लाचं काम संपलं. लपायला जागा हवी म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा प्रत्येक टबात टाका. यांना पापण्या नसतात, उजेड सहन होत नाही. टबावर अर्धं झाकेल असं पंचाचं कापड टाकलं तरी पुरे.

३. पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ले जाळतं. रुंद बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, हे खरं. पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनपासूनच बनणारं, जास्त टिकणारं जंतुनाशक) असेल तर ते असं जात नाही. म्हणून अँटीक्लोरीन वापरा आणि मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घ्या. कोरफड घातलेलं 'स्किन प्रोटेक्शन'वालं घेऊ नका, उभयचरांना ते चालत नाही.

आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून वापरायचा मोह होतो. आमच्याकडे सासऱ्यांनी तोच सल्ला दिला होता. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि या प्राण्याला थोडं जड पाणीच मानवतं. पीएच ६.५ ते ८ च्या मधे, शक्यतो साडेसातच्या आसपास असू द्या. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर प्रत्येक वेळी तपासा, टँकर कुठून भरून येतो ते देवाला ठाऊक.

पुण्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण गुरुवारचं पाणी बंद लक्षात ठेवा. शुक्रवारी येतं तेही कधी गढूळ. बुधवारी रात्री दोन्ही बादल्या भरून, अँटीक्लोरीन घालून, झाकून ठेवायच्या. उघड्या ठेवल्या तर त्यात डासांच्या अळ्या होतात. पिल्लं त्या आवडीने खातील, पण सोसायटीत डेंग्यूची तपासणी आली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

४. थंडावा

सगळ्यात जास्त वेळ, पैसा आणि झोप इथे जाते.

हा प्राणी मूळचा मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्को तलावाचा आणि तिथल्या कालव्यांचा. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ नऊशे मीटर उंच. पाणी बाराही महिने गार. तिथेही आता तो संपत आला आहे: १९९८ च्या पाहणीत एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ६,००० सापडले होते, २०१४ मध्ये ३६. जगभर घरोघरी आणि प्रयोगशाळांत आहेत ते बंदिस्त जागेत पैदास झालेले. जन्म टबात झाला तरी शरीर त्याच गार पाण्याचं आहे. १६ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम, २० पर्यंत निभावतं, २४ च्या वर धोका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, बुरशी वेगाने वाढते आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच जास्त असेल तर आणखीच.

आणि आपल्याकडे मार्च ते मेमध्ये खोलीतलं पाणी २८ ते ३० ला सहज जातं.

आधी जागा निवडा. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे बहुतेक वेळा पूर्व-पश्चिमेची भिंत नसलेली खोली, आणि टेबलावर नाही, फरशीवर. आमच्या मधल्या खोलीत फरशीवरचं पाणी आणि हॉलमधल्या टेबलावरचं पाणी यात दोन अंशांचा फरक निघाला.

मग टबात टब. पिल्लांचे छोटे डबे मोठ्या पसरट टबात ठेवायचे आणि त्या मोठ्या टबात डब्यांच्या निम्म्याहून जास्त उंचीपर्यंत पाणी भरायचं. डबे तरंगायला लागले तर खाली विटेचा तुकडा आणि वर झाकण. आता थंड करायचं ते बाहेरचं पाणी. आतलं पाणी त्याच्या मागोमाग हळूहळू उतरतं, पिल्लाला झटका बसत नाही, आणि बाहेरच्या पाण्यात काय पडलं याची चिंताही राहत नाही. पाच डब्यांत पाच बाटल्या टाकत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

बर्फाचा हिशेब आधीच करून ठेवा, नाहीतर माझ्यासारखी निराशा होईल. पाण्याने भरून गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली २० लिटर पाण्यात टाकली तर ती पूर्ण वितळून तापमान दोन-अडीच अंशांनीच उतरतं. वर खोलीची उष्णता आत येतच असते. आमच्या मोठ्या टबात ४० लिटर पाणी होतं. सकाळी दोन, दुपारी तीन, रात्री दोन अशा एक लिटरच्या बाटल्या लागत. फ्रीजरचे दोन कप्पे त्यात गेले. सुट्टा बर्फ पिल्लांच्या डब्यात कधीही टाकू नका. त्यात नळाचं क्लोरीन असतं, आणि वितळताना एका कोपऱ्यात पाणी एकदम गार होतं.

पंखा. छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, माठाचं तत्त्व तेच. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये आम्हाला याने तीन अंश मिळाले. मुंबईतल्या माझ्या बहिणीने तोच प्रयोग केला, तिला एक अंशही मिळाला नाही. हवेतच इतका दमटपणा की पाणी उडणार कुठे? कोकणात, मुंबईत आणि पुण्यातही पावसाळ्यात पंख्यावर विसंबू नका. बाष्पीभवनाने पातळी खाली जाते तेवढं पाणी रोज वाढवा. माठातच पिल्लं ठेवावीत का, असं सासूबाईंनी विचारलं होतं. कल्पना वाईट नव्हती, पण माठ रोज आतून स्वच्छ करता येत नाही आणि पिल्लू दिसतही नाही.

एसी असेल आणि चोवीस तास चालवायची तयारी असेल तर प्रश्नच मिटला, फक्त विजेचं बिल बघू नका. चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, ही खरी सोय, पण किंमत पाच आकडी. शिवाय त्याचा पंप छोट्या डब्यांसाठी फार जोराचा, प्रवाहाने पिल्लं थकतात. आम्ही शेवटी एक वापरलेला चिलर घेतला आणि तो मोठ्या टबातलं, म्हणजे बाहेरचं पाणी फिरवायला लावला. पुढे तोच काचेच्या टाकीला गेला. चिलर घ्यायचाच आहे हे आधी ठरलं असेल तर बाटल्यांचा महिना वाचेल.

५. पिल्लं टबात सोडताना

आणलेली पिशवी किंवा डबी न उघडता तयार टबात अर्धा तास तरंगत ठेवा, मग दर पाच-दहा मिनिटांनी टबातलं थोडं पाणी आत घाला. प्रवासात पिशवीतलं पाणी तापलेलं असतं. २८ मधून थेट १८ मध्ये नेऊ नका. पहिल्या दिवशी टब २३-२४ ला ठेवा आणि दोन दिवसांत खाली आणा. पिल्लू वाटीने उचलून सोडा, पिशवीतलं घाण पाणी टबात ओतू नका.

पाण्याची खोली आठ-दहा सेंटिमीटर पुरते. ॲक्सोलॉटल कल्ल्यांनी आणि कातडीने श्वास घेतो आणि अधूनमधून वर येऊन हवाही गिळतो, त्यामुळे त्याला वर पोचता आलं पाहिजे. एअर स्टोन (एअरपंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावायचा असेल तर बुडबुडे अगदी मंद.

पहिल्या दिवशी काही खात नाही म्हणून घाबरू नका.

६. खाणं

पिल्लाचं वय विचारू नका, लांबी मोजा. दोन सेंटिमीटरच्या आतलं पिल्लू फक्त हलणारं, जिवंत खातं; मेलेलं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. त्याला आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची, नुकती फुटलेली पिल्लं लागतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, आर्टेमियाची अंडी, खाली जोरदार हवा, वर दिवा, आणि २६-२८ अंश तापमान. चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. गंमत बघा, घरात एकीकडे १८ अंशांसाठी जीव काढायचा आणि ओट्याच्या कोपऱ्यात या बाटलीला मात्र पुण्याचा उन्हाळाच हवा. चहाच्या गाळणीतून ती निसटतात. दाट विणीच्या सुती रुमालातून गाळा, गोड्या पाण्याने खारेपणा धुऊन काढा, मग घाला. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, मेलेली उरली की पाणी नासतं. म्हणून दिवसातून दोनदा थोडी-थोडी.

पुढचे पाय फुटले आणि लांबी दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेली की गोठवलेल्या ब्लडवर्मच्या (बारीक लाल अळ्यांच्या) वड्या सुरू करता येतात. मागचे पाय नंतर येतात, त्यांची वाट बघू नका. वडी वाटीभर टबाच्याच पाण्यात विरघळू द्या, दोन-चार अळ्या चिमट्यात धरून नाकासमोर हळू हलवा. एकदा सवय लागली की चिमटा दिसताच झेप घेतात. पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत रोज दोन वेळा, मग रोज एकदा. पोट डोक्याइतकं रुंद दिसलं की पुरे. पंधरा मिनिटांनी जे उरेल ते सिरिंजने बाहेर.

पाच सेंटिमीटरच्या पुढे गांडुळाचे बारीक तुकडे, हे यांचं सर्वोत्तम अन्न. पण सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातली लालसर गांडुळं आणलीत तर पिल्लू तोंडात घेऊन थुंकेल. ती कडवट द्रव सोडतात, ते पिल्लाचे नखरे नाहीत. रासायनिक खत किंवा फवारणी नसलेल्या मातीतली साधी गांडुळं बघा. शाकाहारी घरात हे काम कोणत्या सुरीने आणि कोण घरात नसताना करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे फ्रीजरमध्ये मटारशेजारी अळ्यांची पाकिटं निघाली तेव्हा दोन दिवस स्वयंपाकघरात शांतता होती. डब्यावर ठळक लिहून ठेवा.

दुकानात जिवंत ट्युबिफेक्स (दोऱ्यासारखे बारीक लाल किडे) स्वस्त मिळतात. ते बहुधा नाल्याच्या घाणीतून काढलेले असतात, त्यांच्यासोबत काय येईल सांगता येत नाही. चिकन-मटण नको, ती चरबी यांना पचत नाही. सोबतीला म्हणून गप्पी सोडू नका, ते कल्ले कुरतडतात.

७. रोजचं काम

सकाळी उठल्यावर आधी थर्मामीटर, मग चहा.

पाणी बदलायची पद्धत: दोन डबे जास्तीचे ठेवा. स्वच्छ डब्यात आदल्या रात्री तयार केलेलं पाणी घाला, त्याचं तापमान जुन्या डब्याशी एका अंशाच्या आत जुळवा, मग पिल्लू वाटीने त्यात हलवा. जुना डबा नुसत्या पाण्याने आणि हाताने चोळून धुवा, उन्हात वाळवा. दुसऱ्या दिवशी तो वापरात. तापमान जुळवायला फ्रीजमधलं गार पाणी सोयीचं: २८ अंशांच्या आठ लिटरमध्ये चार अंशांचं दोन लिटर मिसळलं की साधारण २३ होतं. मिसळायचं बादलीत, पिल्लाच्या डब्यात नाही. फ्रीजमधल्या पाण्यातही अँटीक्लोरीन आधीच घातलेलं असू द्या.

चार पिल्लांना मिळून रोज वीस-बावीस लिटर पाणी जातं. ते कुंड्यांना घाला. आमचा मोगरा त्या वर्षी असा फुलला की शेजारच्या काकू खत कोणतं म्हणून विचारायला आल्या.

अमोनिया आठवड्यातून दोनदा संध्याकाळी, म्हणजे पाणी बदलायच्या आधी तपासा. ०.२५ पीपीएमच्या (किटच्या रंगपट्टीवरचं एकक) वर दिसला तर दिवसातून दोनदा बदला, किंवा खाणं देताना हात आवरा. बहुतेक वेळा जास्त खाणं हेच कारण असतं.

८. चावाचावी

"पाच भावंडं, एकत्र राहू दे की." आम्हीही पहिल्या रात्री दोघांना एकत्र ठेवलं होतं. सकाळी एकाचा पुढचा उजवा पाय कोपरापासून गायब. पुढचे पाय फुटल्यापासून साधारण सात-आठ सेंटिमीटर होईपर्यंत ही पिल्लं समोर जे हलेल त्यावर तोंड मारतात, मग ते भावाचं बोट का असेना. त्यात राग वगैरे काही नसतो. भुकेली असतील आणि दाटीत असतील तर जास्त. म्हणून एका डब्यात एकच.

तुटला तर औषध लावू नका. वेगळं ठेवा, पाणी गार आणि स्वच्छ ठेवा, खायला नीट घाला. पाय परत येतो, बोटांसकट. आमच्या 'लंगड्या'चा सात आठवड्यांत आला, नाव मात्र तेच राहिलं.

९. काय बिघडलंय ते ओळखायचं

शेपटीचं टोक वळलेलं, कल्ले पुढे झुकलेले, खाणं थुंकणं, दिवसभर वर तरंगत राहणं: आधी तापमान बघा, मग अमोनिया. नवशिक्यांच्या घरी दहातल्या नऊ वेळा या दोनांतलंच एक असतं, निदान माझ्या घरी तरी होतं.

कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी. दुकानदार निळ्या-हिरव्या औषधाची बाटली पुढे करेल. ती माशांसाठी असते. मॅलाकाइट ग्रीन आणि तांबं असलेली औषधं यांना मारक आहेत. आपल्याकडे रस्तोरस्ती देशी बदामाची झाडं आहेत, त्यांचं गळून पडलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान घ्या. धुऊन उकळत्या पाण्यात भिजवा, पूर्ण गार होऊ द्या, आणि टबाचं पाणी फिक्या चहासारखं होईल एवढं मिसळा. कातडीला ते सौम्य मानवतं. दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही तर उभयचर बघणारा पशुवैद्य गाठा. असे डॉक्टर मोजके, त्यामुळे नंबर आजच शोधून ठेवा. आजारी मोठ्या ॲक्सोलॉटलला फ्रीजमध्ये ठेवतात हे तुम्ही कुठेतरी वाचाल. छोट्या पिल्लांवर तो प्रयोग नको.

आणखी एक सापळा, जो मला बऱ्याच उशिरा लक्षात आला. एअरपंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. म्हणजे डासांचं लिक्विड मशीन, अगरबत्ती, झुरळांचा स्प्रे, सगळं थेट पाण्यात. त्या खोलीत यातलं काही लावू नका. फरशी फिनाइलने पुसणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा. स्वतःचे हात साबणाने धुतले असतील तर भरपूर पाण्याने पुन्हा धुवा. सॅनिटायझर लावून हात पाण्यात घालू नका.

१०. मोठ्या टाकीत कधी

पिल्लं टबात असताना टाकीचं काम चालू ठेवा, ती रिकामी शोभेला ठेवून सायकल होत नाही. जिवाणूंना रोज अमोनिया हवा: चिमूटभर माशांचं खाद्य टाकून कुजू द्या. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज आणून बसवा, आठवडे वाचतात. किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं दिसायला लागलं, आणि खाद्य टाकूनही चोवीस तासांनी पहिले दोन शून्यच राहिले, की टाकी तयार. टाकीचं पाणी २० च्या आत ठेवणारी व्यवस्थाही तोवर लागलेली हवी.

पिल्लं सात-आठ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असावीत आणि सगळी साधारण सारख्या मापाची. एखादं मागे राहिलं असेल तर त्याला टबातच ठेवा. आमचा लंगड्या तीन आठवडे मागे राहिला. तळ अजूनही मोकळाच. बारीक वाळूचा विचार पंधरा सेंटिमीटरनंतर करा.

आणि मधेच हे सगळं झेपेनासं झालं तर? परत विकणाऱ्याकडे द्या, ओळखीच्या पाळणाऱ्याला द्या, आणि पोर्टलवर तशी नोंद करा. मुळा-मुठेत, पाषाण तलावात किंवा कुठल्याही विहिरीत सोडू नका. जगला तर इथल्या बेडकांना त्याचे रोग लागतील, आणि आपल्या उन्हाळ्यात तो बहुधा जगणारच नाही.

टब फेकू नका. धुऊन, वाळवून, झाकणांसकट माळ्यावर ठेवा. टाकीत कोणी आजारी पडलं किंवा चिलर बंद पडला की पुन्हा तेच खाली काढावे लागतात. आमचे मेमध्ये दोनदा निघाले.